परशराम टेलरची बाळुती

बेळगावच्या लष्करी कॅम्पातल्या परशराम टेलरच्या दुकानावर नावाची पाटी लहान आणि तिच्याखालची सूचना मोठी आहे. 'सुती कापड भिजवून आणावे. हुकमावरून.' हुकूम कुणाचा, हे चाळीस वर्षांत कुणी विचारलं नाही. कंग्राळीचा हा शेतकऱ्याचा पोरगा मिसरूड फुटायच्या आधी कॅम्पात काजं-बटणं करायला बसला, आणि हळूहळू जवानांच्या वर्दीचा मास्तर झाला. सैल वर्दी आवळायची, बाहीवर फीत लावायची, पँटीची इस्त्री अशी पाडायची की तिच्या धारेवर काकडी चिरावी. कोरं सुती कापड घेऊन सुभेदार आला तरी परशराम ते परत पाठवायचा. आधी पाण्याला दाखवा, मग मला दाखवा, असं म्हणायचा आणि वर हसायचाही नाही.

वर्दी ताठ, पण माणूस भलताच उतावळा. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिचा तुकडा पडेपर्यंत त्याला घास गोड लागत नसे. त्याची बायको मालुबाई म्हणायची की ह्यांना लहानपणी 'उद्या' हा शब्द शिकवायचाच राहून गेला. आणि तिचं खोटं नव्हतं. स्वतःच्या लग्नाचा कोट यानं स्वतः शिवला होता, तोसुद्धा मुलगी बघून आल्या संध्याकाळी, होकार यायच्या आधी.

असा हा माणूस; आणि दिवाळी झाल्यावर सातव्या महिन्याची ओटी भरून त्याची एकुलती लेक ऋतिका पहिल्या बाळंतपणाला निपाणीहून माहेरी आली. आल्या आल्या चहाचा कप हातात घेऊन तिनं सांगितलं की बाळाला ती पाकिटातले डायपर घालणार नाही, कापडी डायपर वापरणार आहे.

ऋतिका निपाणीजवळच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. मागच्या वर्षी तिच्या नववीच्या पोरांनी शाळेमागचा ओढा साफ केला. त्यात बाटल्या निघाल्या, चपला निघाल्या, आणि पाण्यानं टरारून फुगलेले डायपर तर पोत्यानं निघाले. पोरं नाकं दाबून हसत होती. एका पोरीनं विचारलं, बाई, हे कुजायला किती वर्षं लागतात? ऋतिकानं खरं ते सांगितलं, की आपण सगळे म्हातारे होऊन जाऊ तरी हे इथंच असतील. त्या दिवशीच तिनं मनाशी ठरवलं होतं. तेव्हा दिवस गेलेलेसुद्धा नव्हते.

"म्हंजे बाळुतीच की," मालुबाई म्हणाली.

तशी नव्हेत, म्हणून ऋतिकानं फोन पुढं केला. त्यात तीन तऱ्हा होत्या. एक नुसताच चौकोनी रुमाल, घडी घालून बांधायचा. दुसऱ्यात सगळे थर एकत्रच शिवलेले, पण तो वाळायला दीड दिवस. तिसऱ्याला बाहेरून पाणी न झिरपणारं मऊ कापड, आत एक खिसा, आणि त्या खिशात सरकवायची शोषून घेणारी घडी. घडी काढायची, धुवायची, परत सरकवायची. कमरेला टिचबटणांच्या रांगा, बाळ वाढेल तसं बटण पुढं सरकवायचं, म्हणजे एकच डायपर अडीच वर्षं पुरणार.

परशरामनं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. फोन हातात घेऊन त्यानं चित्र मोठं केलं, शिवण बघितली, इलॅस्टिक कुठं सुरू होतं ते बघितलं. मग मान हलवली.

"खिश्याचा बेस. आणि मांडीला ही काय शिवण म्हणायची? ह्येच्यापेक्षा आमचा रवळू म्हशीची झूल बरी शिवंल." रवळू म्हणजे शेजारचा. "मी शिवतो."

त्याचे डोळे असे चमकले की मालुबाईनं तिथंच विळा उगारावा तसा आवाज काढला. पोटातल्या पोरासाठी सुई धरायची नाही. तिच्या सासूनं धरली नव्हती, आईनं धरली नव्हती. बाळ डोळ्यांनी दिसल्याशिवाय त्याच्या नावानं एक टाका घालायचा नाही. ऋतिका विज्ञान शिकवते, पण तिनंही आईचंच ऐकलं. ज्या गोष्टीनं आईला रात्रभर झोप लागणार नाही ती करायची नाही, एवढं तिला कळत होतं.

परशरामनं हुकूम मानला. पण हुकमातून वाट काढणं तो फौजेच्या सहवासात शिकला होता. दुसऱ्या दिवशी मंडईतून त्यानं बेतशीर, बुडाला गोल असा एक तांबडा भोपळा आणला आणि दुकानात मशीनशेजारी ठेवला. डायपर शिवायला बंदी होती ती बाळाच्या. भोपळ्याच्या डायपरबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

पहिला छत्रीच्या कापडाचा झाला. भोपळा हलवला की तो पापडासारखा कुरकुरायचा. दुसरा रेनकोटच्या कापडाचा. तो दिवसभर घालून ठेवला आणि संध्याकाळी काढला तर आत भोपळ्याला घाम. घाम फुटलेला भोपळा हातात घेऊन परशराम एवढा खूश झाला की फोन लावून लेकीला म्हणाला, कळलं बघ, कापड श्वास घेत न्हाय. मग ऋतिकानंच नेमकं कापड फोनवरून मागवलं. ते आलं तेव्हा परशरामनं ते गालाला लावून बघितलं, पाण्याखाली धरून बघितलं आणि दुपारचं जेवण विसरून तिसरा भोपळा-डायपर शिवून काढला. एका हवालदाराची बायको ब्लाऊज न्यायला आली होती. ती डायपर घातलेल्या भोपळ्याकडं बघत उभीच राहिली, आणि मास्तरला काही झालंय का, असं शेजारच्या चहावाल्याला विचारून गेली.

माघात ऋतिकाला मुलगी झाली. बेळगावातल्या दवाखान्यात परशराम नातीला बघायला आत गेला. मालुबाईनं लेकीच्या केसांवरून हात फिरवला, जावई युवराज डोळे पुसत होता, आणि परशरामनं गळ्यातला टेप काढून नातीची मांडी मोजली. सव्वासहा इंच. कंबर बारा. नर्स ओरडली, पण तोवर माप घेऊन झालं होतं. तळहातावर पेनानं आकडे लिहून तो बाहेर आला, आणि बाकावर बसल्यावर मात्र त्याला एकदम रडू फुटलं. एवढं लहान माप त्यानं उभ्या जन्मात घेतलं नव्हतं.

त्या दिवसापासून बारशापर्यंत दुकान बंद. मशीन घरी आणली, सोप्यात मांडली. बारा डायपर आणि चोवीस घड्या. बाहेरचं कापड फिकट पिवळं, आतलं मऊ, घडीला फ्लॅनेल आणि मलमलीचे मिळून पाच थर. मांडीजवळच्या इलॅस्टिकवर त्यानं दुहेरी पट्टी घेतली, म्हणजे कातडीला काचणार नाही. टिचबटणं वर्दीच्या हिशेबानं ठोकली, हत्तीनं ओढली तरी निघणार नाहीत अशी. प्रत्येक डायपर झाला की तो बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभा राहून लेकीला दाखवायचा, आणि ती खाटेवरूनच हसायची.

"आप्पा, वापरायच्या आधी घड्या पाच-सहा वेळा धुवायला लागतात हं. न्हायतर पाणी ओढत न्हाईत."

व्हय व्हय, तो म्हणाला. ऐकलंही होतं. पण त्याच्या डोक्यात वेगळंच शिरलं होतं. ही घडी म्हणजे नुसतं बाळुतं नव्हे, हा आजोबाचा बारशाचा आहेर. आहेराचं कापड कोरंच द्यायचं असतं, त्याला पाणी लागू द्यायचं नाही. धुतलेलं दिलं तर वापरलेलं दिल्यासारखं. चार बायका ताटात हात घालून बघणार, कापडाचा कोरा वास यायला हवा, बोटाला त्याची करकर लागायला हवी. चाळीस वर्षं जगाला 'भिजवून आणा' सांगणाऱ्या माणसानं नातीच्या घड्या तशाच कोऱ्या ठेवल्या, वर त्यांना इस्त्री केली. डायपरच्या बुडावर, बरोबर मधोमध, वर्दीसारखी धार पाडली.

आणि त्या बारा दिवसांत ही चूक उघडी पडायला काही कारणही नव्हतं. बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, अशी घरची रीत. मालुबाईच्या जुन्या लुगड्याचे लोण्यासारखे झालेले तुकडे, तीच बाळुती. धुणं मालुबाईच्या अंगावर. परशराम मशीन चालवत होता, मागल्या दारी दगडावर आपटल्याचा आवाज येत होता, आणि त्या दोन आवाजांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं त्याच्या मनातही आलं नाही.

आता जयाबाईंबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यावर अडलं होतं. जयाबाई म्हणजे युवराजची आई, परशरामची विहीण. सहा महिन्यांची रजा संपली की ऋतिका शाळेत जाणार, युवराज वीजमंडळाच्या नोकरीवर, आणि बाळ दिवसभर निपाणीत आजीपाशी. आजीला पटलं तर कापडी डायपर, नाही पटलं तर बारा डायपर ट्रंकेत. ऋतिकानं हे बापाला स्पष्ट सांगितलं होतं: माझ्या हट्टापायी मी त्यांच्यावर धुणं लादणार नाही. परशरामनं छाती पुढं काढून म्हटलं होतं की विहीणबाईंना एकदा बघू दे, मग त्याच मागून घेतील.

बारशाला जयाबाई आल्या त्या नवी जांभळी शहापुरी साडी नेसून. बरोबर नातीला चांदीचे वाळे, आणि युवराजच्या हातात पाकिटातल्या डायपरांचा एवढा थोरला गठ्ठा. तो गठ्ठा बघून परशराम मनातल्या मनात हसला. आहेराचं ताट त्यानं स्वतः आणलं. हळदीकुंकवाची बोटं लावलेले बारा डायपर, पंख्यासारखे मांडलेले, आणि मधोमध घड्यांची चळत. बायकांनी हातात घेऊन बघितले, उलटे केले, सुलटे केले. कुणी म्हणालं दुकानात असले मिळत नाहीत, कुणी म्हणालं घालायचे कशाला, भिंतीला लावावेत. परशराम दारात उभा राहून ऐकत होता, आणि त्याला पाय जमिनीला टेकल्याचं कळत नव्हतं.

ताटातलाच एक बाळाला घातला. पाळणा झाला, आत्यानं कानात 'शर्वरी' म्हणून सांगितलं, पाठीत गुद्दे बसले, घुगऱ्या वाटल्या. मग शर्वरीला जयाबाईंच्या मांडीवर दिलं. बायका ओळीनं नाव घेत होत्या. आणि चौथ्या का पाचव्या नावाला जयाबाईंनी एकदम मांडीकडं बघितलं. जांभळ्या साडीवर आधी रुपयाएवढा, मग ताटलीएवढा, मग परातीएवढा गडद डाग पसरत गेला. डायपर मात्र कोरडा ठणठणीत. शर्वरीबाईंनी जे काय केलं ते घडीवरून घरंगळून मांडीच्या फटीतून सरळ बाहेर आलं होतं.

बायका खो-खो हसल्या. आजीला नातीनं तीर्थ दिलं, नशीब काढलं म्हणाल्या. जयाबाईही हसल्या, बाळाचा मुका घेतला, आणि मग दाराकडं बघून शांतपणे म्हणाल्या, "शिलाई एक लंबर हाय, पावणं. पण मूत शिलाई बगत न्हाय." आणि युवराजला त्यांनी तो गठ्ठा उघडायला सांगितला.

परशराम मागल्या दारी गेला. एवढी शरम त्याला तेव्हाही वाटली नव्हती जेव्हा एका कर्नलच्या कोटाची उजवी बाही त्यानं डावीकडं लावली होती. त्यानं ताटातली एक घडी आणली होती. दगडावर पसरली आणि तिच्यावर तांब्यातलं पाणी ओतलं. अळवाच्या पानावर थेंब पळतो तसं पाणी घडीवरून पळालं. त्यानं परत ओतलं, परत पळालं. गिरणीची खळ. कोऱ्या कापडातली खळ. नव्या टॉवेलनं अंग पुसलं जात नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस पाटी दुकानावर लावून घरी ते विसरला. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. पण मारता मारताच त्याच्या लक्षात आलं की शिलाई चुकली नव्हती, बेतही चुकला नव्हता, चुकलं होतं फक्त पाणी. उतावळेपणा सरसरून अंगात परत आला. जयाबाई दोन दिवस राहणार होत्या. युवराज आज नोकरीवर परतणार आणि परवा दुपारी त्यांना न्यायला गाडी घेऊन येणार. माघाचं ऊन खणखणीत. दोन दिवसांत सहा धुणी बसत होती.

चोवीस घड्या घेऊन तो मालुबाईकडं धावला. मालुबाई चुलीपुढं होती. तिनं घड्यांकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं.

"बाळंतिणीचं करू, पावण्यांचं करू, का तुमची चोवीस फडकी सा-सा येळा बडवू? पानी हाय, साबन हाय, दगुड हाय. हात तुमचं तुमाला हाईत."

आता परशरामनं जन्मात स्वतःचा रुमालसुद्धा धुतला नव्हता. पण उद्या हा शब्द त्याला येत नव्हता, हे तर ठरलेलंच. बारशाची माणसं मागल्या दारी हात धुवायला आली तर यजमान धोतर खोचून धुण्याच्या दगडापाशी उकिडवे. म्हशीला पाणी पाजायला आलेला रवळू थांबला, पाणी पिऊन झालं तरी म्हैस नेईना.

"मास्तर, नवी नोकरी लागली म्हनायची."

"पर्मनंट," परशराम मान वर न करता म्हणाला.

पहिल्या धुण्यात त्यानं साबणाची पूड मुठीमुठीनं घातली आणि फेसात गुडघ्यापर्यंत बुडाला. तो फेस निघता निघेना. मालुबाई आली, तिनं बघितलं, म्हणाली की साबण कापडात बसला तर खळीपेक्षा वाईट, एक चिमूट पुरते. कढत पाणी घाला. पिळा, असं न्हवं, असं. बाहेरच्या डायपरला कढत नको, ते साध्या पाण्यातून एकदा काढलं की झालं. जन्मभर हुकूम देणारा मास्तर निमूट ऐकत होता. घड्या वाळल्या तशा त्यानं एकीवर पाणी ओतलं. अर्धं पळालं, अर्धं थांबलं. दुसऱ्या धुण्याला थोडं आणखी थांबलं. तिसऱ्याला, दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी घडीवर क्षणभर उभं राहिलं आणि मग हळूच आत गेलं. परशराम एवढ्यानं हाक मारून लेकीला सांगायला धावला की झोपलेली शर्वरी दचकून उठली, आणि मालुबाईच्या शिव्या त्याला हसत हसत खाव्या लागल्या.

चौथ्या धुण्याला जयाबाई बाहेर आल्या. मागल्या दारच्या कट्ट्यावर बसल्या. परशरामचे हात लाल झाले होते, अंगठ्याशी कातडी फाटली होती, आणि साबण तिथं झोंबत होता. तो मधूनच अंगठा तोंडाशी नेऊन फुंकत होता. ते बघून जयाबाईंनी तोंड उघडलं.

निपाणीत तंबाखूच्या वखारीत त्या कामाला होत्या. चार वर्षांत तीन पोरं. वखारीचा भोंगा सातला व्हायचा, त्याच्या आधी तीन पोरांची बाळुती धुऊन दोरीवर पडलेली असायला हवीत, म्हणून चारला उठायचं. हिवाळ्यात पाणी हाडात शिरायचं. दिवसभर तंबाखू चाळायची, धुण्यानं पडलेल्या हाताच्या भेगांत तंबाखू भरायची, आणि संध्याकाळी आल्यावर पुन्हा तेवढाच ढीग. नवरा चांगला होता, मारायचा नाही, दारू प्यायचा नाही. पण बाळुत्याला हात लावायचा असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"मला कापडाचा राग न्हाय, पावणं," जयाबाई म्हणाल्या. "मला ह्या दगडाचा राग हाय. पाकीट निगालं तवा मला वाटलं, आमच्या सुना सुटल्या."

ऋतिका तान्ही होती तेव्हा परशराम मशीनवर असायचा, आणि मागून हाच आवाज यायचा. तो आवाज त्यानं वर्षभर ऐकला होता आणि एकदाही उठून बघितलं नव्हतं. त्याला अंगठ्यापेक्षा तेच जास्त झोंबलं. त्यानं घडी पिळली, झटकली, दोरीवर टाकली आणि पाचव्यासाठी पाणी तापवायला ठेवलं.

सहावं धुणं तिसऱ्या दिवशी उजाडताच झालं. दुपारी बारापर्यंत चोवीस घड्या उन्हात वाळून पोळीसारख्या मऊ झाल्या. परशरामनं तांब्या घेतला. यावेळी सगळं घर मागल्या दारी जमलं, रवळूही म्हशीशिवाय आला. पाणी ओतलं आणि ते दिसलंच नाही. ओतलं की गेलं. आणखी ओतलं, गेलं. खालचा दगड कोरडा. ऋतिका खोलीच्या दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि मालुबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

"तांब्याचं काय सांगता," जयाबाई म्हणाल्या. आत गेल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा तीच जांभळी शहापुरी नेसून आल्या. धुऊन वाळवली होती, डाग गेला होता. सोप्यात मांडी घालून बसल्या. "द्या तिला. प्याली का पोटभर? मग द्या."

शर्वरीला तेल-पाणी झालं होतं, दूध झालं होतं. परशरामनं स्वतः घडी खिशात सरकवली, मांडीशी बोट घालून बघितलं, टिचबटणं टक-टक लावली. आणि सगळे बसले. घड्याळात साडेबारा, पाऊण, एक. युवराज गाडी घेऊन आला, दारातच थबकला, सगळे असे का बसलेत ते त्याला कळेना, आणि कुणी सांगेना. शर्वरी झोपेत हसली, तोंड वाकडं केलं, मूठ चोखली. परशरामला घाम फुटला. आयुष्यात एवढी वाट त्यानं कुणाच्या मुताची बघितली नव्हती.

मग शर्वरीचा चेहरा एकदम गंभीर झाला. जयाबाईंनी खाली हात लावला. "झालं," त्या म्हणाल्या. "ऊन लागतंय." सगळ्यांनी श्वास धरला. त्या तशाच बसून राहिल्या, मोजून पाच मिनिटं, मग बाळाला उचलून मालुबाईच्या हातात दिलं आणि उभ्या राहून साडी दोन्ही हातांनी ताणून उजेडात धरली. जांभळा रंग काठापासून काठापर्यंत एकसारखा होता.

परशराम लहान पोरासारखा उडी मारणार होता, पण विहिणीपुढं कसं मारायचं म्हणून त्यानं रवळूच्या पाठीत एक धपाटा घातला. ऋतिका सासूकडं बघत होती. डाग पडला नाही हे खरं, पण जयाबाईंनी अजून 'व्हय' म्हटलं नव्हतं. त्यांनी डायपर काढला, खिशातनं ओली घडी ओढली, तिला हातात तोलून बघितलं, आणि ती युवराजपुढं धरली.

"सासऱ्याच्या मागनं जा. ते दाखवतील कसं धुवायचं ते. साबण चिमूटभर."

युवराज हसला. आई चेष्टा करते आहे असं त्याला वाटलं.

"हसाय काय झालं? तुझ्या सासऱ्यानं साठीत दगुड धरला. तुझी तर तिशीच हाय. तू रोज धुनार असशील तर ही बाराच्या बारा निपाणीला येतील. न्हायतर त्यो गठ्ठा हायच."

युवराजनं बायकोकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्याला दिसलं. त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि घडी घेतली.

परशराम पुढं झाला. चाळीस वर्षांत दुकानात शिकायला आलेल्या कुणालाही त्यानं एवढ्या उत्साहानं काही शिकवलं नसेल. आधी गार पाणी, मग कढत. नीळ नको, वासाचं पाणी नको, त्यानं कापड बुळबुळीत होतं आणि पाणी ओढत नाही. आपटू नका, चोळा. पिळा, असं नव्हे, असं. मालुबाई भिंतीला टेकून बघत होती. हे सगळं दोन दिवसांपूर्वी कुणी कुणाला शिकवलं होतं, ते तिनं सांगितलं नाही.

जयाबाईंनी शर्वरीला पुन्हा मांडीवर घेतलं आणि त्या मागल्या दारच्या कट्ट्यावर येऊन टेकल्या. युवराजचं पाणी पायावर सांडत होतं, फेस उडत होता, परशराम ओरडत होता. त्यांना निघायला उशीर होत होता, पण त्या उठल्या नाहीत. आपल्या घरचा पुरुष बाळुतं धुतोय आणि आपण बसून बघतोय, असं जयाबाईंच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.